निकाली, पण जैसे थे

धारणीला समुद्र नाही, बंदर नाही, विमानतळ नाही. रेल्वे म्हणाल तर तालुक्यातल्या धुळघाटावरून अकोला-खंडवा मीटरगेज जायची, तीही बंद पडली. नवी गाडी मेळघाटातून न्यायची की बाहेरून, हे ठरवायला माणसं बसली, ती वर्षानुवर्षं बसून राहिली. परदेशातून थेट आमच्याकडे येतात ते हिवाळ्यातले पाहुणे पक्षी, आणि त्यांच्यावर अजून तरी शुल्क नाही. आमचं कस्टम म्हणजे वनखात्याचा नाका. तिथे सागाची फळी अडते, बांबूचा भारा अडतो, आणि 'पास कुठाय?' या प्रश्नापलीकडे कायद्याचा कीस कोणी काढत नाही.

तेव्हा सीमाशुल्काच्या अपिलांवर धारणीच्या माणसाने लिहिणं हा आगाऊपणाच. पण ही अपिलं कशी परत पाठवली गेली ते वाचलं आणि वाटलं, अरे, हे तर आपलंच! या कामाला समुद्र कशाला हवा? एक टेबल पुरतं, त्याच्या वर दुसरं टेबल, आणि त्याच्याही वर कुठेतरी न लागलेला निकाल.

आमच्या चहाच्या टपरीवर एक निवृत्त अव्वल कारकून बसतात. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. उभ्या नोकरीत आपण एकही फाईल दाबली नाही, असं ते छातीठोकपणे सांगतात. "दाबाची कायले? परत पाठवाची!" त्यांचं म्हणणं असं, की अर्ज नामंजूर केला तर माणूस भांडायला येतो आणि मंजूर केला तर ऑडिटवाला येतो. परत पाठवला तर कोणीच येत नाही. उलट अर्जदार 'साहेबानं वाचलं तरी बाप्पा' म्हणत समाधानाने घाट उतरतो.

त्यांना मी सीमाशुल्काची गोष्ट सांगितली. ती अशी.

१९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचं २८ वं कलम म्हणतं, की कमी भरलेलं शुल्क मागायची नोटीस 'योग्य अधिकाऱ्याने' काढावी. आता योग्य अधिकारी कोण? माल आला तेव्हा कागद तपासून तो सोडणारा, की नंतर खबर लागल्यावर दारात उभा राहणारा? नंतर येणारे म्हणजे महसूल गुप्तचर संचालनालय, सगळ्यांच्या तोंडचं डीआरआय. हे खातं १९५७ पासून आहे. त्याने वर्षानुवर्षं नोटिसा काढल्या, लोकांनी त्या घेतल्या, वकील लावले, भांडले. पण 'तुम्ही विचारणारे कोण?' हा अस्सल वऱ्हाडी प्रश्न धसास लागायला २०११ उजाडलं. १८ फेब्रुवारी २०११ ला, मुंबईच्या सय्यद अली प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शुल्क-आकारणीचं काम ज्याच्याकडे रीतसर सोपवलं आहे तोच योग्य. बाकीचे नुसते अधिकारी.

सरकारची झोप उडाली. ६ जुलैला अधिसूचना निघाली आणि डीआरआय योग्य झालं. पण जुन्या नोटिसांचं काय? म्हणून १६ सप्टेंबरला कायद्यातच दुरुस्ती झाली, की ही मंडळी आधीपासूनच योग्य होती असं समजावं. सरकारला भूतकाळ असा एका पोटकलमाने बदलता येतो. आपल्याला सात-बारावरचं मेलेल्या आज्याचं नाव बदलता येत नाही.

पुढे २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालय म्हणालं, दुरुस्ती ठीक आहे. ३ मे २०१६ ला दिल्ली उच्च न्यायालय मंगली इम्पेक्सच्या प्रकरणात म्हणालं, ८ एप्रिल २०११ च्या आधीच्या प्रकरणांना ही दुरुस्ती वाचवू शकत नाही. म्हणजे तोच अधिकारी, तीच नोटीस, तीच सही. मुंबई सेंट्रलला गाडीत बसताना योग्य आणि सकाळी दिल्लीला उतरताना अयोग्य. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १ ऑगस्ट २०१६ ला दिल्लीच्या निकालाला स्थगिती मिळाली. अंतिम निकाल मात्र पुढे कधीतरी.

आणि इथे आपलं मुख्य पात्र येतं: सीमाशुल्क, उत्पादनशुल्क व सेवाकर अपिलीय न्यायाधिकरण. नाव एका दमात म्हणता येत नाही म्हणून वकील मंडळी त्याला सेस्टॅट म्हणतात. आयुक्ताने कर लावला की व्यापारी इथे अपील करतो. त्याच्यापुढे याच प्रश्नाची अपिलं साचलेली. आता काय करावं? मुंबईचं ऐकावं तर दिल्लीवाले नाराज, दिल्लीचं ऐकावं तर त्याला स्थगिती. थांबावं तर कपाट भरतं. न्यायाधिकरणाने चौथा रस्ता काढला. आयुक्ताचा आदेश बाजूला सारायचा, प्रकरण परत त्याच्याकडेच पाठवायचं, आणि सोबत सूचना द्यायची: मंगली इम्पेक्सचा सर्वोच्च न्यायालयातला निकाल येऊ द्या, मग अधिकारक्षेत्राचा मुद्दा ठरवा, त्यानंतर पक्षकाराला ऐकून गुणदोषांवर निर्णय द्या. तोवर जैसे थे. असे आदेश एकामागून एक निघत गेले.

भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला. "कोण होता थो माणूस? आमच्या तहसिलीत असता त सोनं झालं असतं."

मी म्हटलं, एक माणूस नाही भाऊसाहेब, पीठ असतं.

"तरीच! एकट्याच्यानं एवढं सुचत नाही."

कायद्यात याला जागा आहे, हे खरं. कलम १२९-ब न्यायाधिकरणाला सांगतं की आदेश कायम करा, बदला, रद्द करा, नाहीतर सूचना देऊन प्रकरण खाली परत पाठवा. त्याच कलमात पुढे असंही म्हटलं आहे, की अपील दाखल झाल्यापासून ३ वर्षांत निकाली काढावं, 'शक्य असेल तेथे'. संसदेने हे तीन शब्द घातले नसते, तर आपल्या देशातले निम्मे कायदे पहिल्याच वर्षी मोडले असते. पण या ३ वर्षांकडे एक डोळा आणि साचलेल्या अपिलांकडे दुसरा ठेवून पाहिलं, की परत पाठवण्याचं आकर्षण कळतं. परत पाठवलेलं अपील न्यायाधिकरणाच्या नोंदवहीत निकाली निघतं. प्रलंबितचा आकडा खाली येतो, वार्षिक अहवालात निपटाऱ्याचा आकडा वर जातो. फक्त ज्याचं अपील होतं त्याला काय मिळालं, याचा रकाना त्या तक्त्यात नसतो.

परतवाड्याहून धारणीला निघालेली एसटी सेमाडोहला थांबावी, कंडक्टरने सांगावं की पुढच्या पुलाचा निर्णय अजून वरून यायचाय, सगळ्यांना घेऊन गाडी उलटी परतवाड्याला जावी, आणि वाहतूक नियंत्रकाने वहीत लिहावं 'फेरी पूर्ण'. प्रवाशांनी तिकिटाचे पैसे मागितले तर म्हणावं, तुम्ही होते तिथंच आहात ना? मग नुकसान कसलं?

तिकिटाचं म्हणतोय ते उगाच नाही. ६ ऑगस्ट २०१४ पासून सीमाशुल्काचं अपील करायचं तर मागणीच्या साडेसात टक्के आधी भरावे लागतात. मधल्या पायरीवरून, म्हणजे आयुक्त (अपील) यांच्याकडून, वर येणाऱ्याला १० टक्के. अपील परत गेलं, आदेश बाजूला झाला, तर हे पैसे परत मिळायला हवेत असं कोणत्याही साध्या माणसाला वाटेल. तो मागायला गेला, की समोरचा बाबू चष्मा सारून आदेशाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवणार: 'जैसे थे'. माणूसही जैसे थे, पैसेही जैसे थे.

यातली खरी गंमत मात्र वेगळीच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सर्वांत जवळ कोण? शुल्काचा दर किंवा मालाची किंमत यांचा वाद असेल तर न्यायाधिकरणातून अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जातं, मध्ये उच्च न्यायालयाची पायरीही नाही. म्हणजे निकालाची वाट पाहायला सगळ्यांत सोयीची खुर्ची न्यायाधिकरणाचीच. निकाल लागला की त्यांना पहिल्या दिवशी कळणार, दोन वकील उभे राहणार, अर्ध्या तासात प्रकरण मिटणार. ते सोडून वाट पाहायचं काम खाली, आयुक्ताच्या कचेरीत पाठवलं. आणि तिथे त्याने ठरवायचं काय? तर आपल्याच भावकीतल्या डीआरआयला नोटीस काढायचा अधिकार होता की नव्हता. ज्याने ती नोटीस योग्य धरून एकदा आदेश दिला आहे, त्याच खुर्चीने.

"त्यात काय?" भाऊसाहेब म्हणाले. "आमच्याकडे तलाठ्याची तक्रार केली त चौकशी तलाठ्याकडंच येते. त्याच्याइतकी माहिती दुसऱ्या कोणाले हाय?"

न्यायाधिकरणाची बाजू अगदीच लंगडी होती असं मी म्हणणार नाही. आदेश बाजूला झाल्याने व्यापाऱ्याच्या मानेवरची वसुलीची तलवार तात्पुरती तरी उचलली गेली. दोन उच्च न्यायालयं दोन दिशांना तोंड करून उभी असताना मधल्याने शहाणपण दाखवलं असतं, तर दोन्हीकडून मार खाल्ला असता. हे सगळं मान्य. पण मग अपील आपल्याच कपाटात ठेवून त्याच्यावर 'प्रतीक्षेत' अशी चिठ्ठी लावायला कोण नको म्हणत होतं? संसदेला या सवयीची कल्पना होती, असं मला वाटतं. मधल्या पायरीवरच्या आयुक्तांचा (अपील) परत पाठवण्याचा अधिकार २००१ मध्येच काढून घेतला होता. पुढे २०१८ मध्ये तो थोडासा, काही ठराविक प्रकरणांपुरता, परत दिला. म्हणजे परत पाठवायचा अधिकारसुद्धा जाऊन परत आला.

खाली गेलेल्या फाईलचं पुढे काय होतं, हा या पुराणातला सर्वांत सुंदर अध्याय. सीमाशुल्क आणि उत्पादनशुल्क खात्यात एक वही असते, तिला कॉल बुक म्हणतात. वरच्या न्यायालयात सारखा प्रश्न प्रलंबित आहे, स्थगिती आहे, किंवा खुद्द खात्याच्या वरच्या बोर्डाने थांबा म्हटलं आहे, अशी प्रकरणं या वहीत उतरवायची. कोणती उतरवायची याचं परिपत्रक १४ डिसेंबर १९९५ चं आहे. एकदा फाईल या वहीत गेली की ती प्रलंबितही राहत नाही आणि निकालीही निघत नाही. ती कॉल बुकात 'असते'. परलोकात गेलेल्यांचं श्राद्ध तरी वर्षातून एकदा होतं. या वहीचा दर महिन्याला आढावा घ्यावा असं नियम सांगतो, आणि तो आढावा कसा होत असेल ते भाऊसाहेबांनी न विचारताच सांगितलं: "मागच्या महिन्यापरमानं, असं लेहाचं आन सही कराची."

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर मुंबई उच्च न्यायालयासमोरचं पार्ले इंटरनॅशनलचं प्रकरण पाहा. उत्पादनशुल्काच्या नोटिसा २००६ च्या. त्या कॉल बुकात गेल्या आणि तिथे रमल्या. १३ वर्षांनी, २०१९ मध्ये, खात्याला त्यांची आठवण झाली, सुनावणी लावली, आदेशही काढला. ज्याच्यावर नोटीस त्याला मधल्या काळात कोणी कळवलंच नव्हतं की बाबा रे, तू अमुक वहीत आहेस. नोव्हेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने ते सगळं रद्द केलं. १३ वर्षांत कारखान्याचे मुनीम बदलतात, हिशेबाच्या वह्यांना वाळवी लागते, साक्षीदार नातवंडांत रमतो. खात्याची नोटीस तेवढी चिरतरुण. तरी २०१८ पासून सीमाशुल्क कायद्यातच लिहिलं आहे, की प्रकरण थांबवायचं असेल तर कारणासकट पक्षकाराला कळवा.

आता धारणीकडे येतो, नाहीतर तुम्ही म्हणाल गाव नावापुरतंच घेतलं.

आमच्याकडे या खेळाची वेगळी आवृत्ती चालते आणि तिच्यात परदेशी माल नाही, जमीन आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली कोरकू शेतकरी आपल्या कसत्या जमिनीचा दावा करतो. दावा ग्रामसभेत जातो, तिथून उपविभागीय समितीत, तिथून जिल्हा समितीत अमरावतीला. नियमांत चांगल्या हेतूने लिहून ठेवलंय, की ग्रामसभेचा ठराव अपुरा वाटला तर वरच्या समितीने तो फेटाळू नये, फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवावा. हेतू हा, की साहेबाने एका रेघेत गरिबाचा दावा मारू नये. पण चांगल्या हेतूच्या वाटेवरूनही फाईल जाते तेव्हा ती फाईलच्याच चालीने जाते. नकाशा अस्पष्ट आहे, परत. वयस्कर माणसाचा जबाब जोडलेला नाही, परत. जोडला, तर ज्येष्ठाचं वय कशावरून, परत. मध्येच १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, दावे फेटाळलेल्यांना वनजमिनीवरून काढा. सगळ्या मेळघाटाच्या पोटात गोळा आला. २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने आपल्या आदेशाला स्थगिती दिली आणि राज्यांना विचारलं, दावे फेटाळले ते नीट पद्धतीने फेटाळले का? झालं! फेटाळलेले दावे पुन्हा तपासायला घ्या. वरचा निकाल बाकी, म्हणून खालची तपासणी चालू. खालची तपासणी चालू, म्हणून वरचा निकाल बाकी.

या शेतकऱ्याला साडेसात टक्के भरावे लागत नाहीत, हा त्याचा फायदा. तो गावापासून धारणीपर्यंत येण्याचं भाडं आणि एक रोजी भरतो, दर वेळी.

पुन्हा सीमाशुल्क. मंगली इम्पेक्सचा निकाल येईल म्हणून सगळे आयुक्त आभाळाकडे पाहत असताना निकाल आला तो दुसऱ्याच प्रकरणात. कॅनन इंडियाचे कॅमेरे मार्च २०१२ मध्ये दिल्लीला उतरले आणि चार दिवसांत सुटले. अडीच वर्षांनी डीआरआयने नोटीस काढली, की शुल्काची माफी चुकीने घेतली. माफीची अट ऐकण्यासारखी आहे. ८०० बाय ६०० पिक्सेलचं, सेकंदाला २३ चौकटींचं चित्रण जो कॅमेरा सलग अर्धा तास करू शकतो, त्याला माफी नाही. एवढी बारकाईची अट. कॅमेरा किती मिनिटं चालतो यावर घनघोर युद्ध व्हायला हवं होतं. पण ९ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्य पीठाने निकाल दिला तो नोटीस कोणी काढली यावर. पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश शरद बोबडे, म्हणजे आपले नागपूरचे. डीआरआयचे अतिरिक्त महासंचालक 'योग्य अधिकारी' नाहीत, ज्याने पहिल्यांदा माल तपासून सोडला तोच योग्य, असा निकाल. या विवेचनाचा मोठा भार कायद्याच्या इंग्रजी मसुद्यातल्या 'द' या तीन अक्षरी शब्दावर होता: कोणताही योग्य अधिकारी नव्हे, तोच योग्य अधिकारी.

"तीन अक्षरं?" भाऊसाहेबांचा विश्वास बसेना. "आमच्या इथं अख्खं आडनाव चुकलं तरी तहसीलदार म्हणते, चालते न."

खात्याने फेरविचाराची याचिका टाकली. २०२२ च्या वित्त कायद्याने जुन्या नोटिसांना पुन्हा एकदा संजीवनी पाजली. आणि खाली परत गेलेल्या प्रकरणांचं काय? ज्यांना सांगितलं होतं की सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत थांबा, त्यांच्यासमोर एक निकाल आला होता. पण तो त्या प्रकरणाचा नव्हता, आणि जो होता त्याच्यावरही फेरविचार बाकी होता. थांबणाऱ्याला थांबण्यासाठी एवढी भक्कम कारणं क्वचितच मिळतात.

७ नोव्हेंबर २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने फेरविचार मंजूर केला. चंद्रचूड निवृत्त होण्याच्या तीन दिवस आधी. डीआरआयचे अधिकारी योग्यच होते, २०११ ची दुरुस्ती वैध, २०२२ चा कायदाही वैध. एका मराठी सरन्यायाधीशांच्या काळात अयोग्य ठरलेलं खातं दुसऱ्या मराठी सरन्यायाधीशांच्या काळात योग्य ठरलं. २०११ मध्ये सुरू झालेला 'तुम्ही विचारणारे कोण?' या प्रश्नाचा प्रवास १३ वर्षांनी 'आम्हीच' या उत्तरापाशी थांबला. म्हणजे खटल्यांच्या मूळ प्रश्नाला आता हात घालायला हरकत नव्हती: त्या मालावर शुल्क किती?

आणि तो घालायचा कसा, हेही त्याच निकालात सांगितलं आहे. ज्या नोटिसा अडल्या होत्या त्या अधिकाऱ्यांकडे परत. जे आदेश उच्च न्यायालयात थेट आव्हानित होते, त्या पक्षकारांना न्यायाधिकरणात अपील करायला ८ आठवडे. जी प्रकरणं न्यायाधिकरणातून याच मुद्द्यावर वर गेली होती, ती न्यायाधिकरणाकडे परत, गुणदोषांवर ऐकण्यासाठी.

हे ऐकून भाऊसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी माझ्याही चहाचे पैसे दिले, जे त्यांनी सेवेत असताना कोणासाठी केल्याचं ऐकिवात नाही.

न्यायाधिकरणाच्या सदस्यांना माझी एक विनंती आहे. वर असाच एखादा प्रश्न पुन्हा अडकेल, तो अडकतोच, तेव्हा अपील आपल्या कपाटात ठेवा, पक्षकाराला तसं पत्र पाठवा, आणि तुमच्या तक्त्यात ते प्रलंबितच दाखवा. आकडा वाढला तर वाढू द्या. आणि वाचकहो, तुमचं कोणतंही प्रकरण, शुल्काचं असो की शेताचं, खाली परत आलं असेल, तर संबंधित कचेरीत एक साधा अर्ज द्या: माझी फाईल सध्या कोणत्या वहीत आहे ते लेखी कळवा. पोच घ्या. अपिलासाठी भरलेल्या पैशांची पावती असेल तर तिची आजच झेरॉक्स काढून ठेवा, कारण या पावत्यांची शाई खटल्याआधी उडते.